अडीच हेक्टरसाठी एवढा कळवळा?

हिशेबी: सिंधुदुर्गात दोडामार्गातली हेवाळे-बांबर्ड्याची मायरिस्टिकाची, म्हणजे रानजायफळाची, दलदलीतली राई २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झाली. बास की आता! २.५९ हेक्टरसाठी रोज गळा काढण्यापेक्षा मायरिस्टिकाची रोपं नर्सरीत करून दुसरीकडे लावा. झाडच आहे ना?

तळकोकणी: दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. आधी त्या चिखलात उतरा. मुळं चिखलातून वर येतात नि पुन्हा आत वळतात, गुडघे दुमडून बसल्यासारखी. हवा तिथूनच घेतात. पाणी गोडं हवं, बारमाही हवं. बी सुकलं की मेलं, काजूसारखं डब्यात भरून ठेवता येत नाही. त्यात नर-मादी झाडं वेगळी. लावा दहा रोपं, दहाही नर निघाले की नर्सरी कळेल. आणि राईला पाणी देणारे व्हाळ, म्हणजे ओढे, हद्दीबाहेरून येतात. वर डोंगरात झाडं तोडून रबराची लागवड झाली की तुमच्या वारसा स्थळाचा कागद काय चाटायचा?

बागायतदार: आलं का रबर! सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात २०१३ पासून हायकोर्टाची वृक्षतोड बंदी आहे. घरावर कललेला फणस तोडायला मी दोन पावसाळे हेलपाटे घातले. तिसऱ्यात तो स्वतःच पडला. पडवीची कौलं गेली, म्हैस थोडक्यात वाचली.

तळकोकणी: म्हैस वाचली, आनंद आहे. डोंगर बोडके होतात तेव्हा बंदी कुठे असते?

पावसाळी: राई टिकली ती देवाच्या धाकाने, कोर्टाच्या नाही. आता तो धाकही संपला. आमच्या देवराईत सभामंडपाच्या स्लॅबसाठी तीन जुने वृक्ष गेले. देवाने कौल दिला म्हणे!

बागायतदार: देवळावर घसरू नका. लोकांनी पावसात भिजायचं?

पावसाळी: आजे-पणजे भिजले, विरघळले नाहीत.

बागायतदार: पुण्यात बसून बोलणं सोपं असतं.

पावसाळी: पुण्यात माझा जावई असतो. मी इथेच, चिखलात.

हिशेबी: धागा राईचा होता. बरं, बियांचं ठाऊक नव्हतं, घ्या पदरात. पण केरळ-कर्नाटकात आहेच की असलं जंगल.

तळकोकणी: आहे, म्हणजे उरलंय. तिथल्या दलदली आधी भातशेतीने खाल्ल्या, मग पोफळीने. सपाट जमीन, वर फुकटचं पाणी, कोण सोडतो?

बागायतदार: आमच्या व्हाळाच्या वरच्या अंगाला माझी काजू आहे. रबर नाही, लिहून ठेवा. पंप आहे. एकच.

तळकोकणी: किती एचपीचा?