'शारीरिक ताबा' कसं वाटतं? कस्टडीला मराठी शब्द हवाय

कृष्णाकाठची: चुलतभाऊ अमेरिकेत असतो, त्याचा डिव्होर्स झाला. ऑर्डरमध्ये लीगल कस्टडी दोघांची मिळून आणि फिजिकल कस्टडी आईकडे असं आहे. लीगल म्हणजे शाळा कुठली, ऑपरेशन करायचं का असले निर्णय, आणि फिजिकल म्हणजे पोरगं राहणार कुणाच्या घरी. साताऱ्यात आजोबांना मराठीत लिहून द्यायचंय. मी आपलं 'कायदेशीर ताबा' आणि 'शारीरिक ताबा' लिहिलं तर म्हणाले, "एक कायदेशीर, मग दुसरा बेकायदेशीर का गं?" आणि शारीरिक वाचून चष्माच काढून ठेवला.

मिरजकर: ताबा जमिनीचा नाहीतर फ्लॅटचा. पोराचा कसला ताबा? 'अभिरक्षा' म्हणा.

बाररूम: अभिरक्षा कोण म्हणतं हो? सांगलीत पक्षकार येतो तो "पोराचा ताबा पायजे" म्हणतच येतो. लीगलला 'पालकत्व' म्हणा. आपल्या 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातही दोन्ही वेगळंच आहे, पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे, पण नैसर्गिक पालक बाप आणि त्याच्या'नंतर' आई. 1999 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नंतर म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही, तो लक्ष घालत नसेल तरीही. एका 'नंतर'वर एवढं झालं.

हळदबाजार: सातबाऱ्यावर अ.पा.क. असतं की, अज्ञान पालनकर्ता, अज्ञान म्हणजे वयात न आलेला. वडील लवकर गेले म्हणून माझ्या नावापुढं अ.पा.क. आई लागलं, आता मला दोन पोरं झाली तरी मी कागदावर अज्ञानच.

मिरजकर: ताबा मुळात अरबी, मागनं चालणारा तो ताबे, ताबेदार त्यातलाच. असले शब्द आपण किती दिवस वापरायचे?

बाररूम: मग अर्ज, दावा, वकील, तारीख पण काढा, कोर्टात फक्त पंखा उरेल.

कृष्णाकाठची: अहो पण पालकत्व लिहिलं तर आजोबा म्हणणार, आईबाप तर दोघं हायेतच, ते कोर्टानं कशाला द्यायचं?

माणदेशी: सरळ लिहा, 'राहायला आईकडं, निर्णय दोघांच्या विचारानं'. आमची आत्या तर एवढंच म्हणायची, पोरगं आईच्या पदरात घातलं.

मिरजकर: हे वाक्य झालं, शब्द नव्हे.

कृष्णाकाठची: आजोबा आता विचारतायत पोरगं सुट्टीत साताऱ्याला येणार का, ते ऑर्डरमध्ये कुठल्या शब्दाखाली असतं?

बाररूम: भेटीचा हक्क. 'हक्क' पण अरबीच, मिरजकर.

हळदबाजार: ते अ.पा.क. कमी करायला अर्ज तलाठ्याकडंच द्यायचा ना? तीनदा दिलाय.