'यूज्ड टू' की 'वेंट'? प्रूस्तच्या पहिल्या वाक्याचा काळ

कंदील:
फ्रेंचच्या वर्गात फ्रेंच कादंबरीकार प्रूस्तच्या 'आ ला रशेर्श द्यु ताँ पेर्द्यू' या महाकादंबरीचं (पहिला खंड, १९१३) पहिलंच वाक्य इंग्रजीत करायला दिलं होतं: 'लाँताँ, ज म स्वी कूशे द बॉन अर.' मी लिहिलं, 'फॉर अ लाँग टाइम आय यूज्ड टू गो टू बेड अर्ली.' बाईंनी 'यूज्ड टू'खाली लाल रेघ ओढली आणि समासात शेरा मारला, 'हा अँपार्फे नाही!' (अँपार्फे म्हणजे भूतकाळातली सवय सांगणारं फ्रेंच रूप.) पण प्रूस्तचा इंग्रजी अनुवादक स्कॉट मॉन्क्रीफने १९२२ साली अगदी हेच केलंय की. मग बरोबर कोण?

खोडरबर:
व्याकरण बाईंच्या बाजूला आहे. सवयच सांगायची असती तर 'ज म कूशॅ' हा अँपार्फे सरळ हाताशी होता. कानाला फरक जेमतेम त्या 'स्वी'चा! प्रूस्तने मुद्दाम पासे काँपोझे, म्हणजे घडून संपलेलं सांगणारा भूतकाळ, घेतला. म्हणजे झोपण्याचा तो सगळा काळ एक गठ्ठा म्हणून, संपलेला म्हणून, आजच्या जागेवरून पाहिलाय. 'लाँताँ'बरोबर ('बराच काळ') हे चालतं, त्यात वावगं काही नाही. खरी गंमत पुढच्या वाक्यात आहे. तिथे क्रियापद अँपार्फेत उतरतं: मेणबत्ती विझते न विझते तोच डोळे मिटत. सवय तिथे सुरू होते. तुम्ही पहिल्याच वाक्यात 'यूज्ड टू' घातलंत की ही पायरी सपाट होते. लिडिया डेव्हिसने २००२ मधल्या इंग्रजी अनुवादात 'आय वेंट टू बेड अर्ली' केलं आणि पुढे 'वुड क्लोज' वापरलं, पायरी शाबूत.

कंदील:
मग पासे काँपोझेच्या जागी सरळ 'आय हॅव गॉन' का नको? रचना तर तशीच दिसते.

मागचा बाक:
अजिबात नको! 'फॉर अ लाँग टाइम आय हॅव गॉन टू बेड अर्ली' म्हणजे स्वारी अजूनही नऊला आडवी होते. इथे तर ते दिवस मागे पडलेत. रूप सारखं दिसलं म्हणून काळ सारखा नसतो, आणि आपल्याकडचे विद्यार्थी इथेच हमखास घसरतात. मराठीतही 'मी लवकर झोपत आलोय' म्हटलं की तोच घोटाळा.

बाकी खोडरबरशी माझं पूर्ण पटत नाही. 'यूज्ड टू'मधून 'आता तसं नाही' हे आपोआप कळतं, आणि नेमकं तेच त्या पासे काँपोझेत आहे. 'वेंट' एकटं घेतलं तर एका रात्रीचंही असू शकतं, सवयीचा सगळा भार 'फॉर अ लाँग टाइम'वर पडतो. मराठीत करून बघा: 'बराच काळ मी लवकर झोपलो' कानाला खटकतं, लगेच 'झोपत असे' सुचतं. रीती भूतकाळ आपल्याला सुटत नाही, तसाच मॉन्क्रीफलाही सुटला नसावा.

खोडरबर:
खटकतं हे कबूल. पण मूळ फ्रेंचही वाचकाला किंचित थबकवतंच ना? ते गुळगुळीत करून द्यायचं कशाला? शिवाय पहिल्या शब्दातच 'ताँ' म्हणजे काळ आहे, आणि सबंध कादंबरीचा शेवटचा शब्दही तोच. जेम्स ग्रीव्हने १९८२ मधल्या अनुवादात 'टाइम वॉज व्हेन'ने सुरुवात केली ती त्यासाठीच असावी. मला ती जरा आजोबांच्या गोष्टीसारखी वाटते, पण धाडस आहे.

मागचा बाक:
आणि 'द बॉन अर'चं ('लवकर') काय? त्याच अर्थाचा साधा फ्रेंच शब्द 'तो' वापरता आला असता. 'बॉन अर'मध्ये फ्रेंच कानाला 'बॉनर', म्हणजे सुख, ऐकू येतं. इंग्रजी 'अर्ली'त त्याचा मागमूस नाही. तिथे मात्र कुणाचंच काही चाललेलं नाही. (शीर्षकाच्या भाषांतराचा विषय मुद्दाम काढत नाही, रात्र पुरायची नाही.)

कंदील:
त्याच दुसऱ्या वाक्यात 'ज माँदॉर' आहे. मॉन्क्रीफ 'आय अॅम गोइंग टू स्लीप' म्हणतो, डेव्हिस 'आय अॅम फॉलिंग अस्लीप'.

खोडरबर:
इथे मी डोळे झाकून डेव्हिसकडे. 'गोइंग टू स्लीप' म्हणजे 'आता झोपतो', ठरवून. 'ज माँदॉर' म्हणजे 'झोप लागतेय'. त्यात झोपणाऱ्याची मर्जी नाही. त्याचे डोळे इतक्या झटकन मिटतात की हे मनाशी म्हणायलाही सवड मिळत नाही.

मागचा बाक:
हे मान्य. पण ताई, गृहपाठात 'वेंट'च लिहा. गुण बाई देणार आहेत, मॉन्क्रीफ नाही.