भाचा २४ चा, नोकरी नको म्हणतोय, ‘फुल टाइम ट्रेडर’ व्हायचंय. काय करू?

राजारामपुरीचा_मामा
नमस्कार मंडळी. घरचा विषय आहे पण कुणाशी बोलू तेच कळंना म्हणून इथं टाकतोय. ताईचा पोरगा, मेकॅनिकल होऊन दोन वर्षं झाली. मीच शब्द टाकून शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत चिकटवला होता, १६ हजार पगार, आठ दिवस गेला आणि नवव्या दिवशी घरात. म्हणतो मामा, त्या धुरात मी आयुष्य घालवणार नाही. आता वरच्या खोलीत दोन मॉनिटर लावून शेअर बाजारातले ऑप्शन, म्हणजे भाव वर जाणार का खाली यावरचे सौदे, करतोय (त्यातला एक मॉनिटर मीच दिलाय, शहाणपण माझंच). सव्वानऊ ते साडेतीन दार बंद. ताईनं चहा नेला तरी दार वाजवायचं नाही, मेसेज टाकून कप पायरीवर ठेवायचा. मंगळवारी एक्स्पायरी असते, म्हणजे सौद्यांची मुदत संपते, म्हणून त्या दिवशी मिक्सरसुद्धा लावायचा नाही!

२७ ला थार आणि ३५ ला रिटायर असं ठरलंय त्याचं. काय बोलायला गेलं की म्हणतो, कांबळवाडीच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेला पण लोक हसलेच असतील की आधी. ताईनं पतसंस्थेतली १ लाख ४० हजाराची ठेव मोडून दिलीय, दाजींना पत्ता नाही. दाजी एसटीतनं रिटायर, त्यांना वाटतंय पोरगं कॉम्प्युटरवर कुठल्या तरी कंपनीचं काम करतंय. ओरडून झालं, गोडीनं सांगून झालं. आता काय?

फौंड्रीवाला
मामा, राग आला वाचून पण पोरावर नाही. आठ दिवसात त्यानं बघितलं काय असणार? फेटलिंग, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायचं काम. नवीन पोराला सगळे तिथंच उभं करतात, ग्राइंडर आणि धूळ, मग तो पळणारच. चौदाशे डिग्रीचं लोखंड ओततात तिथं मे महिन्यात उभं राहायचं म्हणजे गंमत नाही, मी २६ वर्षं राहिलोय. पण जी पोरं मेथडिंगला, म्हणजे साच्याची आखणी करायला बसली, गेटिंग (रस आत जायची वाट) कुठनं द्यायचं, रायझर (जादा रसाचा साठा) कुठं ठेवायचा, रिजेक्शन कशानं येतंय हे शिकली, त्यांना आज दुसरे कारखानदार ओढून न्यायला बघतात. हे त्याला कुणी सांगितलंच नसणार, आणि १६ हजारात सांगायला वेळ कुणाला आहे.

आकडेमोड
थोडं कोरडं बोलतो. सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास काढलाय, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षात एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या किरकोळ लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. आणि २०२३-२४ मध्ये त्यात ४३ टक्के पोरं तिशीच्या आतली. पण हे भाच्याला सांगू नका, तो म्हणणार मी उरलेल्या ७ टक्क्यातला. सगळेच म्हणतात. त्यापेक्षा ब्रोकरच्या ॲपमधला टॅक्स पी अँड एल (नफातोट्याचा) रिपोर्ट मागा. पूर्ण आर्थिक वर्षाचा, ब्रोकरेज आणि चार्जेस धरून. स्क्रीनशॉट घेऊ नका, तो फक्त हिरव्या दिवसाचाच निघतो. आणि रिटर्न भरलाय का विचारा. एफ अँड ओ म्हणजे धंद्याचं उत्पन्न, वेळेत रिटर्न भरला तर तोटा पुढं आठ वर्षं ओढता येतो. खरोखर धंदा म्हणून करणाऱ्याला हे माहीत असतंय.

स्वप्नीलचं म्हणाल तर पॅरिसचं ब्राँझ २०२४ चं आणि रेल्वेतली तिकीट तपासनीसाची नोकरी २०१५ पासूनची. तेवढं सांगा त्याला.

चौथा_अटेम्प्ट
मामा मी २६ ची आहे, पुण्यात चार वर्षं एमपीएससी करून परत आलेय त्यामुळं दुसऱ्या बाजूनं सांगते. आम्हाला अक्कल नाही असं नाही हो. लग्नात गेलं की पहिला प्रश्न "सध्या काय करतेस?" आणि त्याला उत्तर लागतं. "तयारी करतेय" हे उत्तर होतं माझं, शेवटच्या वर्षी तर पुस्तक उघडत पण नव्हते पण उत्तर सोडवत नव्हतं. त्याचं "ट्रेडर आहे" तसंच असणार. १६ हजारावर फौंड्रीत आहे म्हटलं की पाव्हणं तोंड वाकडं करतात, ते पण बघा जरा. आणि घरात सगळ्यांपुढं विचारू नका, बाहेर न्या कुठंतरी.

राजारामपुरीचा_मामा
अपडेट. रविवारी पहाटे गंगावेशीत दूध कट्ट्यावर, जिथं म्हशीचं दूध पुढ्यात काढून देतात, घेऊन गेलो. रिपोर्ट मागितला तर गप्प. ग्लास संपला, दुसरा सांगितला, म्हशीकडं बघत बसला आणि मग म्हणाला ३१ हजार राहिलेत मामा. आईला सांगू नका. मी पण काय बोललो नाही, म्हटलं मिशी पूस आधी.

फौंड्रीवाला
सोमवारी आमची सुट्टी. मंगळवारी सकाळी ८ ला पाठवा माझ्याकडं, फेटलिंगला नाही, मेथडिंगच्या टेबलावर बसवतो. पत्ता मेसेज करतो.

राजारामपुरीचा_मामा
लई उपकार झाले भावा. सांगितलं त्याला, जातो म्हणाला, खरंच म्हणाला. पण बुधवारपासून. मंगळवारी एक्स्पायरी आहे.