तरंगंबाडी: डॅनिश वसाहतीच्या गावात निवांत मुक्काम (अनुभव धागा)

तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, कारैकलच्या थोडं उत्तरेला तरंगंबाडी आहे. १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून डेन्मार्कच्या लोकांनी इथे डान्सबोर्ग किल्ला बांधला, गावाचं नाव ट्रांकेबार केलं आणि १८४५ मध्ये सगळं इंग्रजांना विकून ते निघून गेले. गाव इतकं लहान आहे की पाहायचं सगळं पायी होतं. जाऊन आलेल्यांनी आणि तिथल्या जाणकारांनी नेमकी माहिती द्यावी: कसं जावं, कधी जावं, काय चुकतं.

चेन्नईकर
सर्वांत मोठी चूक म्हणजे पुदुच्चेरीहून एका दिवसात उरकणं. अंतर जेमतेम १२० किमी, पण वाटेत कडलूर, चिदंबरम, सीर्काळी अशी गर्दीची गावं लागतात. जायला-यायला मिळून सहा-सात तास मोडतात आणि नेमके टळटळीत उन्हात किल्ल्यावर पोचता. तिथे सावली नाही. या गावाची खरी वेळ पहाटेची आणि साडेचारनंतरची. म्हणून किमान एक रात्र राहाच, दोन राहिलात तर उत्तम.

रेल्वेने यायचं तर मयिलाडुतुरै जंक्शनला उतरा. तिथून बसने सुमारे ३० किमी, तासभर लागतो. मुंबई-पुण्याकडच्यांसाठी लोकमान्य टिळक टर्मिनस–कारैकल ही साप्ताहिक गाडी आहे. कारैकलहून गाव १५ किमीच्या आत. गाडी आठवड्यातून एकदाच असल्याने परतीचं तिकीट आधी बघा, मग मुक्काम ठरवा.

पुणेकर
ऋतूबद्दल लिहितो, कारण आपल्याकडचं गणित इथे उलटं पडतं. आपला पावसाळा संपला की इथला सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस, त्यात वादळांची भीती. दिवाळीच्या सुट्टीत येऊ नका. जानेवारी-फेब्रुवारी सर्वांत चांगले.

तंजावरकर
चालायचा क्रम असा ठेवा. सुरुवात १७९२ च्या पांढऱ्या वेशीपासून. तिच्यावर डॅनिश राजमुद्रा आहे. आत शिरलं की सरळ समुद्राकडे जाणारा राजरस्ता. त्यावर १७०१ चं झायन चर्च आणि १७१८ चं न्यू जेरुसलेम चर्च. दुसऱ्यात जर्मन मिशनरी झीगेनबाल्गची समाधी आहे. हा १७०६ साली इथे उतरला, तमिळ शिकला आणि त्याने केलेलं बायबलच्या ‘नव्या करारा’चं तमिळ भाषांतर १७१५ पर्यंत इथेच छापून झालं. चर्चला कुलूप दिसलं तर लगेच परतू नका, आवारात रखवालदाराला विचारा. शेवटी मोकळं पटांगण आणि किल्ला. खालच्या मजल्यावर कोठारं, वर राहायच्या खोल्या, संग्रहालयही आतच. ते शुक्रवारी बंद असतं, त्यामुळे गुरुवारी रात्री पोचून शुक्रवारी निघायचा बेत आखू नका.

किल्ल्याच्या उत्तरेला पाण्याच्या अगदी काठावर मासिलामणीनाथाचं १३०६ चं देऊळ आहे. त्याचा बराच भाग समुद्राने गिळला. एवढ्यासाठी पहाटे उठाच; सूर्य थेट पाण्यातून वर येतो.

मराठी माणसाने इथून तंजावरला जायलाच हवं, साधारण १०० किमी. तिथले भोसले घराण्यातले राजे सरफोजी यांचे गुरू, मिशनरी श्वार्ट्झ, १७५० साली याच किनाऱ्यावर उतरले होते. राजांनीही पुढे तंजावरात देवनागरी छापखाना घातला आणि १८०६ मध्ये तिथून इसापनीतीचं मराठी भाषांतर निघालं. तरंगंबाडीचा छापखाना आधी डोळ्यांसमोर असेल तर तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय पाहताना फार वेगळं वाटतं.

बंगळुरूकर
समुद्रात पोहू नका. ओढ जोरदार आहे. किनाऱ्याची धूप थांबवायला काठावर मोठाले दगड टाकलेत, ते शेवाळाने निसरडे होतात. मुलांना त्यांवर चढू देऊ नका.

चेन्नईकर
जेवणाचं राहिलं. किल्ल्याजवळ जुन्या वास्तूंमधली हॉटेलं मोजकीच, खोल्या कमी. शनिवार-रविवारसाठी आधीच नोंदवा. मासे ताजे मिळतात. शाकाहारी मंडळींनी ७-८ किमीवरच्या तिरुक्कडैयूरला जावं. तिथल्या अभिरामी मंदिरात साठी आणि सहस्रचंद्रदर्शनाचे विधी करायला लांबून कुटुंबं येतात, त्यामुळे साध्या खानावळी भरपूर. रोख पैसे आणि औषधं मात्र २ किमीवरच्या पोरैयारच्या बाजारातून घ्या. वेशीच्या आत दुकानं फारशी नाहीत.