शनिवारी पिस्तूल घ्यायचंय, स्लाइड ओढवत नाही

प्रेषक: सुलभा (केटी, ह्यूस्टनजवळ)

नमस्कार मंडळी,

मागच्या महिन्यात घरी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, परत लिहीत नाही. घ्यावं की नाही यावरही बोलून झालंय, मुलांशीसुद्धा. घ्यायचं आहे. अडलंय ते फक्त स्लाइडपाशी, म्हणजे पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढावा लागतो तिथे.

रविवारी अविनाशबरोबर दुकानात जाऊन आले. ग्लॉक ४३एक्स पिस्तूल हातात छान बसतं, पण स्लाइड माझ्याच्याने पूर्ण मागे येत नाही, निम्म्यात अंगठा सुटतो. दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी संधिवात आहे. दुकानदाराने लगेच पाच गोळ्यांचं हलकं रिव्हॉल्व्हर पुढे केलं, "बायका हेच नेतात" म्हणाला. त्याचा ट्रिगर ओढताना नळीचं टोक इतकं हलत होतं की मलाच पटलं नाही.

पर्समध्ये घेऊन फिरायचं नाहीये, घरात ठेवायचंय. साफसफाई मात्र माझी मला जमली पाहिजे. अविनाश ऑस्टिनहून येईपर्यंत मी थांबणार नाही. शनिवारी सकाळी परत जातेय, त्याआधी सांगा.

सुलभा

—

प्रेषक: दिलीप (मुलाकडे, पिअरलँड)

सुलभाताई, दुकानदाराचं म्हणणं खरं आहे. रिव्हॉल्व्हर घ्या. स्लाइड नाही, मॅगझिन नाही. गोळी उडाली नाही तर ट्रिगर पुन्हा ओढायचा, पुढची गोळी समोर येते. सिलिंडर (गोळ्यांचं फिरतं चाक) उघडला की भरलंय की रिकामं ते डोळ्यांना दिसतं. नोकरीत माझ्या कमरेला ईशापूरच्या फॅक्टरीचं ९ एमएम १ए पिस्तूल होतं आणि त्यावर माझा पूर्ण भरवसा होता, पण ते रोज हाताळणाऱ्या माणसाचं हत्यार. महिनोन्‌महिने ड्रॉवरमध्ये पडून राहणार असेल तर रिव्हॉल्व्हरच.

कर्नल दिलीप (निवृत्त)

—

प्रेषक: मिलिंद (शुगर लँड)

काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, या हातांसाठी नाही. ताई ज्या रिव्हॉल्व्हरबद्दल सांगताहेत ते ॲल्युमिनियमच्या फ्रेमचं, जेमतेम सव्वाचारशे ग्रॅमचं. ट्रिगर दहा-बारा पाउंडांचा. म्हणजे वजनाच्या कितीतरी पट जोर एका बोटाने लावायचा, नळी हलणारच. वर .३८ स्पेशल गोळीचा झटका. बंदूक जितकी हलकी तितका तो हातात जास्त बसतो. रेंजवर अशी रिव्हॉल्व्हर घेऊन आलेली माणसं पहिले दोन सिलिंडर संपले की खाली ठेवतात, मग सराव होतच नाही. ज्याचा सराव नाही ते घरात असून उपयोग काय?

ताई, पिस्तूल छोटं म्हणजे चालवायला सोपं, असं दुकानात सगळ्यांना वाटतं. उलट आहे. गोळी तीच ९ एमएमची, पण स्लाइड आखूड आणि हलकी, तिला आवरायला स्प्रिंग कडक लागते. म्हणून ४३एक्सपेक्षा थोराड ग्लॉक १९ ओढायला बऱ्याच जणांना सोपं जातं. .३८० (९ एमएमपेक्षा कमी जोराच्या गोळीचं) घेतलं की सोपं होईल, हेही सरसकट खरं नाही. वॉल्थर पीपीके, बेर्सा थंडर ही .३८० ब्लोबॅक आहेत, त्यांत स्लाइडला फक्त तिचं वजन आणि स्प्रिंग थोपवतात, त्यामुळे स्प्रिंग जबर असते. ती हातात घेऊ नका.

शनिवारी हे मागा: स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी ३८० शील्ड ईझी. २०१८ साली निघालं, तुमच्यासारखी अडचण असलेल्यांसाठीच. गोळी उडताना बॅरल स्लाइडशी लॉक होतं आणि आत हॅमर आहे, त्यामुळे स्प्रिंग मऊ ठेवता आली. मॅगझिनला बाजूला छोटी बटणं आहेत, ती खाली ओढली की गोळ्या सहज सरकतात. आठ गोळ्या, वजन साधारण सव्वापाचशे ग्रॅम. मागे ग्रिप सेफ्टी आहे, मूठ पक्की धरली नाही तर ट्रिगर चालत नाही. संधिवात असेल तर हे तपासाच: हात दुखत असतानाही ती पूर्ण दाबली जाते का?

साफसफाईचं. ग्लॉक उघडायचं तर मॅगझिन काढायचं, चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचं, मग ट्रिगर दाबावा लागतो, मग स्लाइड किंचित मागे धरून दोन्ही बाजूंच्या बारीक पट्ट्या नखाने खाली ओढायच्या. तुमच्या अंगठ्यांना तेच नडेल. ईझीमध्ये स्लाइड मागे अडकवून लीव्हर फिरवायचा, ट्रिगरला हात लावावा लागत नाही. हाताशी येतात चार वस्तू: स्लाइड, बॅरल, स्प्रिंग, फ्रेम. ब्रश, चिंध्या, स्लाइड ज्यावर सरकते त्या रेल्सवर एकेक थेंब तेल. जास्त तेल घालू नका, त्यात काजळी धरून चिकटा होतो.

मिलिंद

—

प्रेषक: मेधा

सुलभाताई, मी हातांच्याच पेशंटबरोबर काम करते म्हणून लिहिते. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत स्लाइड धरून ओढू नका. चिमटीत लावलेला जोर अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर अनेक पटींनी येतो आणि तुमचा दुखरा सांधा नेमका तोच. डावा तळवा स्लाइडवर वरून ठेवायचा, चार बोटं पलीकडच्या बाजूला, आणि पिस्तूल छातीजवळ घ्यायचं. मग डाव्या हाताने ओढण्याऐवजी उजव्या हाताने मुठीसकट फ्रेम पुढे ढकलायची. जोर खांद्यातून आणि पाठीतून येतो. नळी कुठे रोखली आहे तिकडे लक्ष ठेवा, छातीजवळ धरताना ती डावीकडे वळते आणि तिथे नेमकं कोणीतरी उभं असतं.

दुकानात एकामागून एक दहा पिस्तुलं ओढून बघू नका. चौथ्यानंतर हात थकतो आणि चांगलंही वाईट वाटायला लागतं. जे सगळ्यात पटण्यासारखं आहे ते आधी.

—

प्रेषक: दिलीप

मेधाताईंची पद्धत बरोबर, आमच्या जवानांनाही असंच शिकवायचे. पण मिलिंदने देखभालीची तुलना ग्लॉकशी केली, रिव्हॉल्व्हरशी नाही. रिव्हॉल्व्हर उघडून सुटे भाग करावेच लागत नाहीत. आणि हलकं नको असेल तर पोलादी घ्या, वजन झटका खातं.

—

प्रेषक: मिलिंद

काका, सुटे भाग होत नाहीत हे खरं, पण पाच चेंबर वेगवेगळे पुसावे लागतात. एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली न जळलेल्या दारूचे कण अडकले तर सिलिंडर बंद होत नाही किंवा फिरायला जड जातो, आणि ते घरी बसून ट्रिगर ओढल्याने सुटत नाही. पोलादी घेतलं तर झटका कमी होतो, कबूल. ट्रिगर तेवढाच जड राहतो.

तुमच्या एका मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही: गोळी उडाली नाही तर ईझीमध्ये स्लाइड पुन्हा ओढावीच लागते. म्हणून ताईंनी विकत घेण्याआधी ते भाड्याने चालवून बघावं आणि शेवटी, हात थकल्यावर, स्लाइड ओढून बघावी.

ज्यांना कुठलीच स्लाइड जमत नाही त्यांच्यासाठी बेरेटाचं टॉमकॅट आहे. त्याच्या बॅरलचं मागचं टोक वर उघडतं आणि पहिली गोळी थेट आत ठेवता येते. पण ते .३२ आहे, आणि लहानसर मुठीचं. तो शेवटचा मार्ग.

—

प्रेषक: ओंकार

काकू, शनिवारी मीही येतो. रेंजवर तासाभरासाठी दोन-तीन भाड्याने घेऊ, मी पण चालवून बघतो. मला विचाराल तर .३८० नको, गोळ्या ९ एमएमपेक्षा महाग पडतात. ईझी ९ एमएममध्येही मिळतं, सेकंडहँड स्वस्तात बघून ठेवलंय.

—

प्रेषक: शिल्पा

ओंकार, तू एच-१बीवर आहेस ना? मग हात लावू नकोस. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टच्या चौकटीतच आहे हे: नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या ताब्यात ठेवायच्या नाहीत. ताब्यात म्हणजे नुसती मालकी नव्हे, रेंजवर भाड्याने घेतलेली हातातली बंदूकही त्यात येते. काही अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे वैध हंटिंग लायसन्स, पण "सगळे जातात" हा अपवाद नाही. ऑफिसच्या पार्ट्या रेंजवर होतात आणि आपली तरुण मुलं फोटो टाकतात, मला ते बघून फार काळजी वाटते. ग्रीन कार्ड हाती असेल तर ही बंदी लागू नाही. सुलभाताईंना प्रश्न नाही.

—

प्रेषक: मिलिंद

शिल्पाशी सहमत. आणि ओंकार, ते सेकंडहँड ९ एमएम ईझी घेण्याआधी सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर घालून बघायला सांग. २०२० च्या मार्च ते ऑक्टोबरमध्ये बनलेल्यांचे हॅमर तपासण्यासाठी कंपनीने ती परत बोलावली होती. दुरुस्त झालेलं असेल तर हरकत नाही. .३८० ची गोळी महाग हे खरं, पण ताईंचा हात ज्याला जमतो ते स्वस्त.

—

प्रेषक: ओंकार

धन्यवाद शिल्पाताई, हे खरंच माहीत नव्हतं. काकू, मग मी गाडी चालवतो आणि बाहेर थांबतो.

—

प्रेषक: रेखा

दिलीपदादा, तुम्ही ईशापूर म्हणालात आणि बाबांची आठवण आली. ते खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. १८६९ ची फॅक्टरी ती. गेटवर रोज झडती व्हायची, खिशात काडेपेटी चालायची नाही. आमच्या घरी दिवाळीलासुद्धा बाबा फटाक्यांच्या दारूला हात लावू द्यायचे नाहीत. सुलभा, साफ करायला बसशील तेव्हा गोळ्या त्या खोलीत ठेवू नकोस. दुसऱ्या खोलीत, दार लावून. बाबा हेच सांगत.

—

प्रेषक: दिलीप

रेखाताई, खडकीला माझा बराच काळ गेला. तुमचे वडील कुठल्या सेक्शनला होते? वेगळ्या मेलवर लिहा.

—

प्रेषक: चिटणीस

मंडळी, विषय महत्त्वाचा आहे म्हणून चालू दिला. खडकी कृपया वेगळ्या धाग्यात. आणि गणपतीचा हॉल शाळेचा आहे, त्यामुळे आताच सांगून ठेवतो: शाळेच्या इमारतीत बंदूक आणता येत नाही, लायसन्स असलं तरी. देवळाच्या दारावर ३०.०६ आणि ३०.०७ च्या (लायसन्सवाल्यांनाही बंदूक आणायला मनाईच्या) पाट्या आहेत, त्या वाचा. कार्यकारिणीला यावर पुन्हा मेल करायला लावू नका.

—

प्रेषक: मेधा

घरात ठेवण्याबद्दल कोणीच बोललं नाही. सुलभाताई, सुट्टीत नातवंडं येतात. टेक्सासमध्ये निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर तो ठेवणाऱ्याचा गुन्हा आहे, पण कायदा राहू दे, मूल महत्त्वाचं. पलंगाला केबलने बांधता येईल अशी पेटी घ्या, यांत्रिक बटणांची. बोटाच्या ठशाची नको, ओल्या किंवा कोरड्या पडलेल्या बोटाला ती दगा देते. बटणंही दुकानातच दाबून बघा, काही फार ताठ असतात.

—

प्रेषक: मिलिंद

आणि पिस्तुलाबरोबर येणाऱ्या फोमच्या डब्यात ते कायमचं ठेवू नका. ह्यूस्टनच्या दमट हवेत फोम ओल धरून ठेवतो, पोलादावर तांबेरा येतो. पेटीत सिलिका जेल टाका, दर महिन्याला पुसून तेलाचा हात फिरवा. सफाई स्वयंपाकाच्या ओट्यावर करायची नाही, काजळीत शिसं असतं. नंतर हात थंड पाण्याने आणि साबणाने धुवायचे.

—

प्रेषक: सुलभा

सगळ्यांचे आभार. मेधाची पद्धत लाटणं धरून करून बघितली, अंगठ्यावर भार येत नाही. दिलीपदादा, पोलादी रिव्हॉल्व्हरही रेंजवर एकदा चालवून बघेन, तुमचा शब्द मोडणार नाही. पण आधी .३८० ईझी.

शिल्पा, कागद काय न्यायचे?

—

प्रेषक: शिल्पा

ड्रायव्हिंग लायसन्स आणि ग्रीन कार्ड. बंदूक खरेदीचा फॉर्म ४४७३ भरताना कार्डावरचा यूएससीआयएस नंबर लागतो. लायसन्सवर केटीचाच पत्ता आहे ना? जुना असेल तर सध्याचा पत्ता दाखवणारा दुसरा सरकारी कागद हवा, विजेचं बिल चालत नाही. आणि फॉर्ममध्ये "खरा खरेदीदार तुम्हीच का" असा प्रश्न आहे. पैसे अविनाश देणार असेल तरी फॉर्म तुमच्या नावाने, उत्तरं तुमची.

—

प्रेषक: सुलभा

लायसन्सवर अजून शुगर लँडचाच पत्ता आहे! गाडीचं रजिस्ट्रेशन केटीच्या पत्त्यावर आहे, ते घेते. पैसे माझेच आहेत. ओंकार, साडेनऊला ये. मिलिंद, तुम्ही थेट रेंजवर भेटा, कानाचे मफ जास्तीचे असतील तर आणा.