मोठ्या माशासाठी तंगूस किती पौंडाचा? माझ्या मते गोड्या पाण्यात वीसच्या खाली जाऊच नये

चेंदणीकर

गेल्या रविवारी रायत्याच्या पुलाच्या वरच्या अंगाला उल्हास नदीवर गळ टाकून बसलो होतो. रीळावर दहा पौंडाचा, म्हणजे तेवढ्या ओढीला तुटणारा, साधा नायलॉनचा तंगूस (गळाची दोरी), ०.२८ मिमी. गळाला शेंगदाण्याच्या पेंडीचा गोळा. साडेआठच्या सुमारास मासा लागला. झटका नाही, नुसती जड ओढ, म्हशीच्या दाव्याला हात घातल्यासारखी. कटलाच असणार. एकदाच पाण्यावर पाठ दिसली, काळपट आणि हातभर रुंद. तो खाली प्रवाहाकडे निघाला, मी ड्रॅग (रीळाचा ब्रेक) आवळला, आणि तंगूस तुटला. घरी येऊन उरलेला मोजला. शंभरातला साठ मीटर रीळावर होता, म्हणजे चाळीस मीटर त्याच्यामागे गेला.

मासा गेला याचं दुःख दोन दिवसांत ओसरलं. ते चाळीस मीटर मात्र डोक्यातून जात नाहीत. तिथे खाली जलपर्णी आहे, पाणकावळे आणि बगळे दिवसभर तिच्यावर असतात. पायाला तंगूस गुंडाळलेला बगळा मी याआधी पाहिलेला आहे. पाय दोऱ्याखाली काळा पडला होता आणि जवळ जाऊ देत नव्हता.

म्हणून माझं मत स्पष्ट मांडतो. कटला, रोहू, मोठा सायप्रिनस (कॉमन कार्प) यांच्यासाठी बसायचं असेल तर कमीत कमी वीस पौंड लावा. ‘बारीक दोरीवर मोठा मासा खेळवला’ यात मोठेपणा नाही. तुटला तर तोंडात गळ आणि मागे दोरी घेऊन फिरतो तो मासा, आपण नाही.

तलावपाळी

चेंदणीकर, तुमची कळकळ पटते, पण हिशेब पटत नाही. दहा पौंड म्हणजे साडेचार किलो. रॉडने तुम्ही एवढी ओढ लावूच शकत नाही. एक प्रयोग करून पाहा. दोन लिटरची पाण्याची बाटली भरा, तंगूसाला बांधा, इमारतीच्या जिन्यात वर उभे राहा आणि रॉड नेहमीसारखा तिरपा धरून बाटली जमिनीवरून उचला. मी वर्तकनगरला मित्राच्या जिन्यात केलंय. मनगट दुखायला लागतं, रॉड कमान होतो, आणि बाटली जेमतेम वीतभर उठते. ती दोनच किलोची असते!

पाण्यात मासा जवळजवळ वजनहीन असतो. दहा किलोच्या कटल्यासाठी दहा किलोची दोरी लागत नाही, लागतो तो नीट लावलेला ड्रॅग. दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे दहा पौंडाला साधारण सव्वा ते दीड किलो. मासा जोर करेल तेव्हा ढील द्यायची. पतंग उडवणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आणि तुम्ही ड्रॅग आवळलात, खरं नुकसान तिथे झालं. रीळावरचा दोरा निघून गुंडाळीचा व्यास निम्मा झाला की त्याच ड्रॅगवर दोरी ओढायला दुप्पट जोर लागतो. मासा लांब गेला की ड्रॅग थोडा सैल करायचा असतो.

जाड तंगूसाचा तोटाही सांगतो. वीस पौंडाचा तंगूस ०.४० च्या आसपास जातो. तो कडक असतो, पिठाचा गोळा त्याच्यावर ताठ बसतो. रोहू गोळा ओठांनी चाचपतो आणि सोडून देतो. डिसेंबर-जानेवारीत पाणी निवळलं की हा फरक रोज दिसतो.

वर्तकनगर_जुना

तलावपाळी यांचा हिशेब कोऱ्या तंगूसाचा आहे. डबीवर दहा लिहिलंय ते सुक्या, बिनगाठीच्या, बिनओरखड्याच्या दोरीचं. नायलॉन पाणी पितो आणि भिजल्यावर थोडा कमजोर होतो. त्यात गाठ. साधी सरगाठ मारली तर ताकद निम्म्यावर येते, चांगली मारली तरी काही ना काही जातेच. मग ऊन. तीन महिने गच्चीत ठेवलेल्या रॉडवरचा तंगूस हातात घेऊन पाहा, खरखरीत झालेला असतो. म्हणजे दहाचा तंगूस प्रत्यक्षात सहा-सातचा उरतो आणि माणूस दहाच्या भरवशावर ड्रॅग लावतो.

ठाण्याच्या तलावांत तर तळाला काय काय आहे! जुन्या विसर्जनांच्या मूर्तींच्या तारा, बांबू, पायऱ्यांच्या फुटक्या कडा. मासा एकदा त्यात शिरला की ढील देऊन काय होणार? त्याला वळवायला जाड दोरीच हवी. माझं मत चेंदणीकरांकडे.

ऐरोलीची_गळवाली

तुम्ही सगळे एकाच दोरीबद्दल बोलताय. मी दोन वापरते. रीळावर वीस पौंडाची ब्रेडेड, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली दोरी, जी जाडीला सहा पौंडाच्या नायलॉनएवढीच असते. पुढे दीड-दोन मीटर नायलॉनचा लीडर, तो मुद्दाम कमी, बारा पौंडाचा. गळ अडकला की मी रॉड बाजूला ठेवते, हाताला फडकं गुंडाळून सरळ ओढते. तुटतं ते लीडरला किंवा गळाच्या गाठीला. पाण्यात राहतो फार तर दीड-दोन मीटरचा तुकडा. चेंदणीकरांची चाळीस मीटरची काळजी याने मिटते.

नुसती जाड दोरी लावली तर उलटं होतं. अडकली की तुटत नाही, मग वैतागून लोक चाकूने काठावरच कापतात, आणि सगळीच्या सगळी पाण्यात. हे मी खूपदा पाहिलंय.

मरळीसाठी मात्र वेगळा नियम. ती गवतात लपून मारते, तिथे ढील दिली की संपलं. चाळीस-पन्नास पौंडाची ब्रेडेड आणि ताठ रॉड.

तलावपाळी

मरळीचं मान्य. पण कटला-रोहूसारख्या कार्पला ब्रेडेड नको. ती जवळजवळ ताणलीच जात नाही. नायलॉन रबरासारखा थोडा ताणतो आणि झटका खातो. कटल्याचे ओठ मऊ असतात. ब्रेडेडवर जोरात हिसका दिला की गळ ओठ फाडून निघतो. दोन मीटर लीडर हा झटका किती खाणार?

चेंदणीकर

ब्रेडेडला माझाही विरोध आहे, पण कारण वेगळं. ती पाण्यात राहिली तर कुजत नाही, बारीक असल्यामुळे दिसत नाही आणि कापते. पक्ष्याच्या पायाला ती नायलॉनपेक्षा वाईट. लीडर कमी ताकदीचा ठेवायचा हा मुद्दा मात्र घेतला, तो मला सुचला नव्हता.

तलावपाळी, मासा सोडून देण्याचा विचार करा. मी पकडलेले मोठे मासे सोडतो, कारण तेच अंडी घालणारे. बारीक दोरीवर पाऊण तास खेळवलेला मासा सोडला तरी आडवा होऊन तरंगतो. वीसवर तोच मासा दहा-बारा मिनिटांत काठाला येतो. पाण्यातच हातजाळी लावली, गळ काढला, तर शेपटी मारून जातो. ही ताकद माशासाठी आहे.

तलावपाळी

पाऊण तास खेळवणं मलाही मान्य नाही. पण जाड दोरीवाले हातजाळी आणत नाहीत हेही बघा. दोरी तुटणार नाही या खात्रीने मासा पायऱ्यांवरून फरफटत वर घेतात. पाण्याबाहेर आला की त्याचं पूर्ण वजन त्या एका ओठावर येतं. खवले पायरीवर चिकटलेले राहतात. असा मासा सोडून काय उपयोग?

एक विचारतो. रीळावर उरलेल्या तंगूसाचं टोक पाहिलंत का? शेपटासारखं वेटोळं असेल तर गाठ सुटली. सरळ लांबट ताणलेलं असेल तर खरंच ताकद कमी पडली. खरखरीत, चपटं, पांढुरकं असेल तर घासून तुटला.

चेंदणीकर

आत्ता दिव्याखाली धरून पाहिलं. पांढुरकं आहे, एका बाजूने चपटं. नखाने वर सरकत गेलो तर पुढच्या वीतभरात आणखी दोन खाचा लागल्या. माझ्यासमोर दहाएक मीटरवर पाण्यात एक कातळ आहे, दोरी त्याच्यावरून गेली असणार. ताकद कमी पडून तुटला नाही, हे मान्य करतो.

पण मग ऐरोलीताईंचा लीडर मला त्या दिवशी वाचवू शकला नसता. दोरी मधेच घासली, लीडर तर तिकडे माशाजवळ. आणि ब्रेडेड असती तर कातळावर आणखी लवकर गेली असती. घासण्याला जाडीच उत्तर देते. ०.४० च्या दोरीला तीच खाच कमी लागली असती.

ऐरोलीची_गळवाली

कातळावर ब्रेडेड जाते, हे खरं आहे. तिथे मी रॉड उंच धरून दोरी कातळावरून उचलून घेते, किंवा जागाच बदलते. कातळामागे बसून कुठलीही दोरी लावली तरी धोका आहे.

वर्तकनगर_जुना

आणि दर वेळी बसण्याआधी पहिले दोन-तीन मीटर दोन बोटांत धरून ओढा. खाच लागली की तेवढा भाग कापा, गाठ थुंकीने ओली करून नव्याने मारा. सुकी गाठ आवळली की नायलॉन तापतो आणि तिथेच मरतो. कापलेले तुकडे खिशात घालून घरी आणा, घाटावर टाकू नका.

चेंदणीकर

येत्या रविवारी असं करून पाहतो: रीळावर वीसचा नायलॉन, पुढे पंधराचा लीडर, ड्रॅग दोन किलोवर हुकाच्या काट्याने मोजून. कातळापासून वीस पावलं वर बसेन. पौंड कमी करणार नाही.

तलावपाळी

मीही येतो, माझा बाराचा घेऊन. शेजारी बसू, पेंड एकाच भांड्यातली वापरू. हातजाळी माझ्याकडे मोठी आहे, ती आणतो.