मदत हवी आहे: चाकाचे नट हाताने शेवटपर्यंत जात नाहीत, जोर लावून आवळावेत का?

नमस्कार,

माझी गाडी माझदा एमएक्स-५ आहे, १९८९ साली आलेल्या पहिल्या पिढीतली. गेल्या आठवड्यात डाव्या मागच्या चाकाचे नट आवळताना एक अडचण आली आणि तिचा उलगडा होईपर्यंत गाडी बाहेर काढायची नाही, असे मी ठरवले आहे.

चारपैकी दोन नट सहा फेऱ्यांपर्यंत बोटांनी सहज फिरतात, म्हणजे दीड मिलिमीटरच्या पिचप्रमाणे (दोन आट्यांमधले अंतर) साधारण ९ मिलिमीटर आत जातात, आणि तिथून पुढे पाना लावल्याशिवाय हलत नाहीत. प्रथम वाटले की नट आडवे धरले गेले असावेत, म्हणून चाक उतरवून नुसत्या स्टडवर (ज्यावर नट बसतो त्या आटेदार दांड्यावर) नट चढवून पाहिले. तरीही त्याच जागी अडकले. आटे तारेच्या ब्रशने घासून पुसले, पण फरक पडला नाही. नट नवे आहेत, म्हणून चुकून १.२५ पिचचे आले की काय अशीही शंका आली. परंतु तसे असते तर ते दोन-तीन फेऱ्यांतच अडले असते आणि बाकीच्या चाकांवर बसलेच नसते, तिथे मात्र हेच नट सुरळीत बसतात. जुने नटही नेमक्या याच दोन स्टडवर अडतात.

मला खरी भीती वाटते ती टॉर्क पान्याची, म्हणजे ठरवलेला जोर आला की 'टक्' करणाऱ्या पान्याची. गाडीच्या पुस्तिकेत ८८ ते ११८ न्यूटन-मीटर दिले आहे आणि मी १०० वर आवळतो. या दोन स्टडवर मात्र चाक नसतानाच नट फिरवायला, काट्याच्या टॉर्क पान्याने मोजले तर, सुमारे २५ न्यूटन-मीटर लागतात. म्हणजे पाना १०० ला 'टक्' करेल तेव्हा चाक दाबून धरण्यासाठी ७५ च उरलेले असतील आणि मला ते कळणारही नाही. गाडी हलकी असली तरी वळणावर चाकावर येणारा ताण काही थोडा नसतो.

माझे प्रश्न असे: आट्यांना थोडे ग्रीस लावले तर चालेल का? आटे साफ करणारा डाय फिरवावा का? की स्टडच बदलावेत? याआधी एका टायरच्या दुकानात या चाकाचे नट इम्पॅक्ट गनने, म्हणजे झटके देत आवळणाऱ्या यंत्राने, आवळले होते. त्याचा संबंध असू शकतो का?

प्रतिसाद

आपण नट जोराने आवळले नाहीत, हे फार चांगले केले.

आधी ग्रीसबद्दल, कारण हा मोह सगळ्यांनाच होतो. पुस्तिकेतला आकडा कोरड्या आट्यांसाठी धरलेला असतो. आपण लावलेल्या जोरातला साधारण निम्मा भाग नटाच्या बसकीवरील (नट चाकाला जिथे टेकतो त्या भागावरील) घर्षणात जातो, सुमारे ४० टक्के आट्यांच्या घर्षणात जातो, आणि स्टडला ताण देऊन चाक हबवर (ज्यावर चाक बसते त्या फिरत्या भागावर) दाबण्याच्या कामी जेमतेम १० टक्के येतो. त्यामुळे घर्षण थोडे जरी घटले, तरी त्याच १०० न्यूटन-मीटरला स्टडवरचा ताण बराच वाढतो. ग्रीस लावू नका. आणि नटाच्या शंकूच्या आकाराच्या बसकीवर तर अजिबात नको.

आता मूळ दोष. टोकाकडे नट मोकळा फिरतो आणि ठरावीक खोलीवरच अडतो, जुन्या-नव्या दोन्ही नटांना तेच होते, आणि शेजारचे स्टड मात्र ठीक आहेत. यावरून स्टड ताणला गेल्याची दाट शंका येते. स्टड मर्यादेबाहेर आवळला की नट आणि हब यांच्या मधला भाग कायमचा लांबतो. तिथले आटे एकमेकांपासून किंचित दूर सरकतात आणि दीड मिलिमीटर पिचचा नट त्यांत बसेनासा होतो. इम्पॅक्ट गनचा संबंध नक्कीच असू शकतो.

खात्री करण्याची सोपी रीत अशी: त्याच मापाचा, म्हणजे एम१२ × १.५ चा (१२ मिलिमीटर व्यास, दीड मिलिमीटर पिच), एक नवा स्टड घ्या आणि त्याचे आटे गाडीवरच्या स्टडच्या आट्यांत लांबीने बसवून मागून विजेरी धरा. आटे पूर्ण लांबीभर एकमेकांत बसले आणि उजेड दिसला नाही, तर स्टड ताणलेला नाही, दोष मळाचा किंवा चेपलेल्या आट्याचा आहे आणि डाय फिरवायला हरकत नाही. एका बाजूने आटे जुळून दुसरीकडे फट दिसली, तर डाय मुळीच फिरवू नका. तो ताणलेल्या आट्यांच्या कडा छाटून नटासाठी वाट करून देईल, नट छान फिरू लागेल आणि आधीच थकलेला स्टड आणखी बारीक होईल. मला यातला सर्वांत मोठा धोका हाच वाटतो, कारण दुरुस्ती झाल्यासारखी दिसते.

धागाकर्ता

मनापासून आभार. आज नवा स्टड लावून पाहिला. दोन्ही स्टडवर हबाकडच्या बाजूला उजेडाची रेघ स्वच्छ दिसली. उरलेल्या दोनपैकी एकावरही पुसटशी फट आहे, तोवर नट त्यावर अडत नव्हता एवढेच. मग दोनच बदलावेत की चारही?

प्रतिसाद

चारही बदला, गन चौघांवर चालली होती. ब्रेकचे कॅलिपर आणि डिस्क उतरवल्यावर जुने स्टड मागच्या बाजूला निघतात. नवे शक्यतो प्रेसवर बसवून घ्यावेत, कारण नटाने ओढून बसवताना नव्या आट्यांवर पहिल्याच दिवशी अनावश्यक ताण येतो. नंतर प्रत्येक नट बसकीपर्यंत बोटांनी गेलाच पाहिजे. तो गेला नाही तर पाना हातात घेऊ नका. समोरासमोरचे नट आळीपाळीने, आधी निम्म्या आणि मग पूर्ण टॉर्कला आवळा, आणि ५० ते ८० किलोमीटर चालवल्यानंतर चाक थंड असताना पुन्हा तपासा.

आपले नट बंद टोकाचे असतील तर आणखी एक गोष्ट पाहा: नवा स्टड जुन्यापेक्षा लांब असला, तर तो नटाच्या तळाला टेकतो, पाना 'टक्' करतो आणि चाक सैलच राहते. स्टडच्या टोकाला थोडा खडू लावून नट पूर्ण बसवा आणि काढून आत पाहा. तळाला खडू लागला असेल तर ते नट या स्टडवर वापरू नका.